लेथ लेकीला, आणि चकाबद्दल खाली सविस्तर

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, धंदा लेथ चालवणे, असं लिहून ठेवते की हे मृत्युपत्र मी कोणाच्या सांगण्यावरून, कोणाच्या धाकाने किंवा कोणाच्या गोड बोलण्याला भुलून करत नाही. हात कापत नाहीत, नजर चष्म्याने ठीक आहे आणि डोकं ठिकाणावर आहे. ते सध्या तापलेलं आहे, हेही खरं. मी वकिलांना आधीच विचारलं, "रागात केलेलं मृत्युपत्र चालतं का?" ते म्हणाले, "काकू, माणूस शुद्धीत असला म्हणजे झालं. रागाला कायद्याची हरकत नाही."

मजकूर एका पानात बसवा, असंही ते म्हणाले. ज्यांच्या घरात कधी वाटणी झाली नाही त्यांचं बसत असेल.

कलम एक. यापूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळी स्थावर-जंगम मालमत्ता मुलगा आणि लेक यांना "समसमान" असं लिहिलं होतं. तो शब्द मी आता वापरणार नाही. कारण कलम पाचात येईल.

कलम दोन. दुकानाच्या वरचं राहतं घर मुलाला आणि सुनेला. अट एकच. खालून येणाऱ्या लेथच्या आवाजाबद्दल मुलाने तक्रार करायची नाही, आणि कोणाकडून करवूनही घ्यायची नाही. याच आवाजावर तो शिकला, साहेब झाला, आणि आता त्याच आवाजाने त्याचं डोकं दुखतं.

कलम तीन. बँकेतली रक्कम दोघांना निम्मी निम्मी. पैशाचे तुकडे केले तरी ते चालतात, म्हणून.

कलम चार. माझ्या सोन्याच्या बांगड्या सुनेला. लेकीने वाईट वाटून घेऊ नये. लेथवर बांगड्या घालून उभं राहायचं नसतं हे तिला माहीत आहे, आणि लेथ सोडून ती कुठे उभी राहते? शिवाय या घरात माझं बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेणारी सूनच एकटी. त्याचं काहीतरी मोल व्हायला हवं.

कलम पाच. खालचं दुकान, लेथ, सगळी हत्यारं, चार जबड्यांचा चक, डायल, टेबल आणि स्टूल लेकीला. एकटीला. गेली कित्येक वर्षं ती माझ्या शेजारी उभी राहून काम करते. मी गेल्यावर तिला एकटीला हे दुकान चालवता यावं, एवढ्याचसाठी हा सगळा लिहिण्याचा खटाटोप आहे. बाकीची कलमं नसती तरी चाललं असतं.

आता ज्यांनी लेथ कधी नीट पाहिला नाही त्यांच्यासाठी, म्हणजे वकिलांसाठी आणि माझ्या मुलासाठी, थोडं सांगते. लेथवर लोखंड फिरतं आणि हत्यार जागेवर राहतं. फिरणारं लोखंड ज्या गोल पकडीत आवळतात तो चक. त्याला तीन जबडे. एक किल्ली फिरवली की तिन्ही एकदम आत येतात आणि जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, मधोमध धरतात. निदान धरायला हवा. चक वाकडा फिरला तर जॉब वाकडाच निघतो, मग समोर कितीही हुशार माणूस उभा राहो.

आमचा लेथ सासऱ्यांनी घेतला आणि त्याचा चकही त्यांनीच निवडला. ते गेल्यावर वाटणी करायला माझ्या नवऱ्याचे मामा बसले. मामांचं कापडाचं दुकान. कशाचेही दोन तुकडे केले की दोन्ही उपयोगी पडतात, अशी त्यांची समजूत. ते म्हणाले, "लेथ धाकट्याला. त्यावरचा तो गोल डबा थोरल्याला. झालं समसमान."

थोरले म्हणजे माझे मोठे दीर, भाऊजी. त्यांचं पलीकडच्या गल्लीत स्वतःचं वर्कशॉप होतं. ते म्हणाले, "मला चक द्या, बाकी काही नको." झालं. थोरला मनाचा किती मोठा, एवढं धूड धाकट्याला सोडलं आणि एक गोळा तेवढा घेतला, असं सगळ्यांनी म्हणून घेतलं. मी म्हणाले, "मामा, चकाशिवाय लेथ काय कामाचा?" मामा म्हणाले, "तू मशीनच्या गोष्टीत पडू नको." माझ्या हाताला तेव्हा मशीनचंच तेल होतं. नवरा म्हणाला, "जाऊ दे गं, दादा मागतोय." माझा नवरा देवमाणूस होता, आणि देवमाणसाशी संसार करणं किती अवघड असतं ते ज्याचं त्यालाच कळतं.

चकाच्या मागे बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाड प्लेट असते. प्लेट आट्यांनी मशीनवर बसते आणि चक बोल्टने प्लेटवर. ही प्लेट ज्या मशीनवर चालायची, त्याच मशीनवर लावून कातावी लागते, म्हणजे हत्याराने तिचा थर काढून ती त्या चकाच्या मापाची करावी लागते, तरच चक सरळ फिरतो. सासऱ्यांनी ती आमच्या लेथवर कातली होती. भाऊजींनी बोल्ट काढून चक नेला, प्लेट आमच्याकडे राहिली. मग त्यांनी प्लेटऐवजी कुठूनतरी तयार रिंग आणून तो आपल्या मशीनवर बसवला. अर्थातच वाकडा फिरला. आता शहाण्या माणसाने रिंग तपासावी की नाही? यांनी बाजारभर सांगितलं की वडिलांना चक पारखता आला नाही, दुकानदाराने त्यांना गंडवलं.

चक गेला ते मी गिळलं. हे बोलणं अजून घशात आहे.

कलम सहा. यापुढे दुकानासाठी चक घ्यायचा झाल्यास तो फक्त लेकीने निवडावा, आणि सासऱ्यांनी निवडला तसा निवडावा. मी तेव्हा नवी सून होते आणि चक उचलायला दोन हात जास्त हवेत म्हणून त्यांनी मला बरोबर नेलं होतं. माझं लेथचं शिक्षण त्या दुकानात सुरू झालं.

त्यांनी रंगाकडे पाहिलंच नाही. आधी लेथचं माप सांगितलं, कारण चक मशीनला साजेसा हवा, मिरवायला मोठा नको. मग चक मांडीवर घेतला. किल्ली तिन्ही भोकांत घालून पाहिली, तिन्हीकडे सारखी बसते का. जबडे पार बाहेर नेले, पार आत आणले, सावकाश, डोळे मिटून. कुठे हलकं, कुठे जड लागलं की तो चक बाजूला. जबड्यावरचा आकडा आणि खाचेवरचा आकडा जुळतो का ते पाहिलं. अंगठ्याने जबडा हलवून पाहिला. जबडे काढून आत पाहू द्यायला जो दुकानदार कुरकुर करतो त्याच्या पायऱ्या उतराव्यात, असं मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाले, म्हणजे दुकानदारालाही ऐकू गेलं. शेवटी घरून फडक्यात गुंडाळून आणलेली एक गुळगुळीत सरळ पिन, म्हणजे पोलादी दांडी, काढली, चकात आवळली, फिरवली आणि डायल, म्हणजे केसभर वाकडेपणाही काट्यावर दाखवणारं घड्याळ, लावून पाहिली. जबड्यांजवळ आणि टोकाला, दोन्हीकडे. मग सोडून पुन्हा आवळली. एकदा सरळ धरणं सोपं असतं, दर वेळी सरळ धरायला हवं.

दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, लोक जावईसुद्धा एवढा पारखून घेत नाहीत."

सासरे म्हणाले, "जावई मागून सुधारतो. चक नाही सुधारत."

अशा माणसाला म्हणे चक पारखता आला नाही.

तो चक गेल्यानंतर या दुकानात जे चक आले त्यांचीही नोंद करून ठेवते, म्हणजे लेकीला काय घेऊ नये तेही कळेल. पहिला नवऱ्याने जुन्या बाजारातून आणला. त्याचे दोन जबडे एका चकाचे आणि तिसरा भलत्याचाच होता. नवरा म्हणाला, "तीन आहेत ना?" दुसरा मुलाने आणला, माझ्या वाढदिवसाला, चकचकीत खोक्यातून. आमच्या लेथला तो केवढातरी मोठा. जागेवर धरून जबडे उघडले की खाली बेडला, म्हणजे लेथच्या पाटाला, लागायचे.

"आई, मोठा म्हणजे चांगलाच ना?"

"अरे, बेडला लागतोय."

"मग थोडेच उघड."

याला काय बोलायचं? खोकं सुनेने लोकरीचे गोळे ठेवायला नेलं. तेवढाच उपयोग झाला.

मग आम्ही चार जबड्यांच्या चकावर काम करत राहिलो. त्यातला प्रत्येक जबडा वेगळा सरकतो, त्यामुळे जॉब स्वतः मधोमध आणता येतो, पण दर जॉबला ते सगळं पहिल्यापासून करावं लागतं. अचूक काम, पण गोगलगाय. आमचं अर्धं काम एका पंपवाल्यांच्या बुशांचं, म्हणजे पंपात बसणाऱ्या पोकळ नळकांड्यांचं. ते परवा दुकानात उभं राहून म्हणाले, "काकू, तुमचा माल नंबरी आहे, पण माझी माणसं बसून राहतात. पुढच्या महिन्यापासून मी दुसरीकडे बघतो." लेकीचा चेहरा उतरला. ते गेले की दुकान गेलं, हे आम्हा दोघींनाही बोलून दाखवायची गरज नव्हती.

लेक चक बघायला गेली, सासऱ्यांचीच पिन घेऊन. रिकाम्या हाताने आली. "एकही पास नाही झाला, आई." पुन्हा गेली, पुन्हा तेच. मी चिडले. एकाला दुकानात शिरताच चक पसंत पडतो, दुसरीला जन्मभर पडणार नाही, अशी माझी दोन रत्नं. शेवटी तिला एक मिळाला. मी स्वतः तपासला, सगळ्या खोडी काढायचा प्रयत्न केला, निघाली नाही. पण तो बसवायचा कशावर? आमच्या लेथचे आटे जुने, त्यांची प्लेट बाजारात मिळत नाही. आम्ही घरी दोनदा केली, दोन्ही वेळा आटे सैल झाले.

लेक म्हणाली, "आजोबांची प्लेट दे. तोंडावर जरा कातली की हा बसेल."

मी म्हणाले, "कातली की आजोबांचा चक कधीच बसणार नाही."

"तो आहे कुठे इथे?"

"म्हणून काय झालं?"

"आई, तू चक नसलेली प्लेट सांभाळतेस आणि मला प्लेट नसलेला चक घ्यायला लावलास. वाटणी मामांनी एकदा केली, तू रोज करतेस."

असं बोलली. मला, तिच्या आईला. त्या दिवशी आम्ही एकमेकींशी बोललो नाही आणि त्याच तिरीमिरीत मी हे मृत्युपत्र लिहायला घेतलं. या कलमाच्या शेवटी मी असं लिहिणार होते की सासऱ्यांची प्लेट माझ्या हयातीत आणि माझ्या माघारी कोणीही कातू नये. तेवढ्यात दारात जाऊबाई आल्या.

"ऐकलंस का, हे वर्कशॉप बंद करतायत. गुडघे चालत नाहीत. भंगारवाला उद्या येतोय."

"आणि चक?"

"तोही ढिगातच आहे बघ."

मी पेन ठेवलं.

कलम सात. हे दुसऱ्या दिवशी लिहीत आहे. वकील म्हणतात, मृत्युपत्रात हकीकत लिहीत नाहीत. पण हकीकत कळल्याशिवाय पुढचं कलम कळणार नाही, आणि नंतर विचारायला मी नसेन.

मी लेकीला घेऊन भाऊजींच्या वर्कशॉपमध्ये गेले. ते ढिगाशेजारी खुर्चीवर बसले होते. मी म्हणाले, "भाऊजी, चक न्यायला आलेय."

"ने. वाकडाच आहे."

"तुमच्या मशीनवर."

"कुठेही लाव, वाकडाच."

"मग चला माझ्याकडे. तुमच्या डोळ्यांनी बघा."

मला वाटलं नाही म्हणतील. ते उठले. लेकीच्या स्कूटरवर पुढे चक, मागे भाऊजी, आणि मी चालत. आमच्या दुकानाची पायरी ते वाटणीनंतर पहिल्यांदा चढले. लेथवर हात ठेवून जरा वेळ उभे राहिले. मी स्टूल पुढे केलं.

मी प्लेट काढली. तेलकट फडक्यात होती, गंजाचा ठिपका नाही. लेथवर चढवली आणि चक तिच्यावर धरला. हाताने जेमतेम दाबावा लागला आणि बसला, चारी बाजूंनी घट्ट. इतक्या वर्षांनी. भाऊजींनी ते पाहिलं, कारण त्यांनी मान फिरवली. मला वाटलं, आता जिंकले.

लेकीने पिन आवळली, डायल लावली, चक हाताने फिरवला. काटा सरळ एका बाजूला गेला आणि तसाच परत आला. पुन्हा आवळली. या वेळी वेगळीकडेच गेला. लेकीने दिवा मागे धरला. जबड्यांची पुढची टोकं पिनला टेकतच नव्हती, मधून उजेड दिसत होता. जबडे फाकले होते आणि आतले आटेही झिजलेले.

मग भाऊजी म्हणाले, "मी किल्लीला पाइप लावायचो."

किल्लीला पाइप लावून चक आवळायचा नसतो. जोर वाढतो आणि चक आतून मरतो. हे त्यांना सासऱ्यांनीच शिकवलं होतं.

"वाकडं फिरायचं, म्हणून अजून आवळायचो," ते म्हणाले. "मग अजून वाकडं."

मी वाट पाहिली. पुढचं वाक्य यायला हवं होतं, की मग चक वाकडा नव्हता, वडील चुकले नव्हते, मी उगाच बोललो. मी म्हणाले, "आणि?"

"आणि काय?"

मला इतका संताप आला की हातातली किल्ली टेबलावर आपटली. जो चक परत मिळावा म्हणून मी एवढी वर्षं धुमसत राहिले तो परत मिळाला, आणि तो मेलेला. सासरे बरोबर होते हे सिद्ध करायला ज्याची गरज होती तीच वस्तू या माणसाने संपवली, आणि दोन शब्द बोलायला त्याची जीभ उचलत नाही. मी रडले. हेही लिहून ठेवते, नाहीतर मागून म्हणतील बाई नुसती करवादायची.

लेकीने पिन सोडवली आणि पुसली. म्हणाली, "आजोबांनी हा आज दुकानात बघितला असता तर परत ठेवला असता." आवाज चढवला नाही. तिने बोल्ट काढले, चक उतरवून टेबलाखाली ठेवला. प्लेट लेथवरच राहिली. मग माझ्याकडे पाहत उभी राहिली. कातू का, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते, माझा स्वभाव मला माहीत आहे.

मशीन मी चालू केलं. हत्यार मी पुढे नेलं. सासऱ्यांनी घेतलेल्या शेवटच्या कापावर पहिला काप मी घेतला, बिडाचा काळा भुसा माझ्या मनगटावर पडला, आणि पुढचं सगळं तिने केलं. मी बाजूला उभी राहून दोनदा "सावकाश" म्हणाले. दोन्ही वेळा ती सावकाशच करत होती.

नवा चक बसला. पिन लावली. काटा जेमतेम हलला. सोडून पुन्हा आवळली, तरी तेवढाच. भाऊजी म्हणाले, "चांगला आहे." नव्या चकाला म्हणाले. आणि निघून गेले.

कलम आठ. सबब लेथ, त्यावरची प्लेट आणि त्यावरचा चक ही एकच वस्तू समजावी. तिचा कोणताही भाग वेगळा काढून कोणालाही, कितीही न्यायाने, देऊ नये. मुलाने त्यावर हक्क सांगू नये. तो सांगणारही नाही, तो भला आहे, पण त्याचा कोणी मामा निघाला तर हे कलम त्याच्यापुढे धरावं. पुढेमागे लेकीला हा चक बदलावासा वाटला तर तिने प्लेट पुन्हा कातावी, हवी तेवढी. सासरे काय म्हणतील, मी काय म्हणाले असते, याचा विचार करू नये. तिच्या बोटांना जे हलकं-जड लागेल तेच खरं.

जुना चक भाऊजींचा आहे, त्याची विल्हेवाट लावण्याचा मला अधिकार नाही.

त्यांनी बाजारात सासऱ्यांविषयी जे शब्द काढले ते आजपर्यंत मागे घेतलेले नाहीत. वकिलांनी सुचवलं की इथे "मी त्यांना माफ करते" असं एक वाक्य घालावं, शोभून दिसतं. मी ते घालत नाही. ज्यांनी मला आटे कातायला शिकवलं त्यांच्यावरचं हे बोट मी मरताना तसंच ठेवून जाणार, याचा मला त्रास होतो, आणि तो होतो असंच लिहिलेलं बरं.

येणेप्रमाणे जे माझं होतं ते मी वाटलं आहे, जे वाटू नये ते अखंड ठेवलं आहे. खाडाखोड माझ्याच हातची आहे. दुसरे साक्षीदार म्हणून समोरचे वेल्डर यायचे होते, ते कामावर निघून गेले. भाऊजी आले आहेत. चक न्यायला आलोय म्हणाले. त्यांना या मृत्युपत्रात काहीही मिळत नाही, म्हणून ते साक्षीला चालतात, असं वकिलांनी सांगितलं. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, फक्त सही होताना पाहायची असते, हेही त्यांना सांगितलं. ते पहिल्या पानापासून वाचत बसले आहेत.

ठिकाण: दुकानात, लेथशेजारच्या टेबलावर
दिनांक: नऊ मार्च, रविवार
मृत्युपत्र करणारी: (सही) सगळे लेथवाल्या काकू म्हणतात ती

साक्षीदार एक: शेजारचे औषधांचे दुकानदार. सही माझ्यासमोर झाली. (सही)

साक्षीदार दोन: मोठा दीर. सही माझ्यासमोर झाली. वडिलांनी घेतलेला चक चांगला होता. (सही)